आजचं चिंतन (सूरह ताहा, आयत 114) : थांब म्हणणारा उस्ताद



गेले काही दिवस आपण सूरह ताहा वाचतोय. मूसा (अ.) यांची गोष्ट संपली आणि आज आपण 114व्या आयतीपाशी आलो. वही उतरत असताना प्रेषितांना (स.) इथे सांगितलं जातं की ती पूर्ण व्हायच्या आत पठणाची घाई करू नका. आणि लगेच पुढे, ज्ञान वाढावं म्हणून रबकडे मागत राहा. एकाच आयतीत दोन्ही गोष्टी आहेत. घाई नको, पण मागणं थांबवायचं नाही.

नेहमी मी आयतीचा अर्थ, दोन-तीन शब्दांची मुळं आणि आपल्या रोजच्या जगण्याशी तिचा संबंध एवढंच लिहितो. आज मात्र एका माणसाचं आयुष्य सांगणार आहे, कारण ही आयत वाचली की मला तोच माणूस आठवतो. पोस्ट नेहमीपेक्षा लांब झाली आहे. लोकलमध्ये किंवा कॅबमध्ये बसला असाल तर आरामात वाचा.

आधी थोडं माझ्याबद्दल. अब्बा गेले त्याला तीन वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी घरी कुरआनख्वानी होती. मक्तबमध्ये लहानपणी नाझिरा पक्का झालेला, त्यामुळे माझ्या वाट्याचे दोन सिपारे मी सगळ्यांच्या आधी संपवले. मामूंनी पाठ थोपटली. रात्री झोपताना माझी मुलगी, तेव्हा ती पाच वर्षांची होती, मला विचारते, तुम्ही दादांसाठी काय वाचलंत? मी म्हटलं, कुरआन. ती म्हणाली, हो, पण त्यात काय होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचून त्यातली चूक शोधणारा मी, पण माझ्या बापासाठी वाचलेल्या चाळीस पानांत काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं.

त्या रात्री अब्बांच्या कपाटातून कुरआनचं एक जुनं इंग्रजी भाषांतर काढलं. पानांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षर. अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते, इंग्रजी बेताचंच. त्या पुस्तकातलं इंग्रजी जुन्या वळणाचं, बायबलच्या थाटाचं, म्हणून अडलेल्या प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ त्यांनी शब्दकोशातून शोधून लिहिला होता. पहिल्या पानावर भाषांतरकाराचं नाव : मुहम्मद मार्माड्यूक पिक्थॉल.

हे नाव मी तोपर्यंत कधी नीट वाचलंही नव्हतं. तर त्यांची ही गोष्ट.

पिक्थॉल यांचा जन्म 7 एप्रिल 1875 चा, लंडनमधला. वडील अँग्लिकन पाद्री, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यात चिल्सफर्ड नावाच्या छोट्या गावी त्यांचं चर्च होतं. मुलगा सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, 1881 मध्ये, वडील गेले आणि आई मुलांना घेऊन लंडनला आली. पुढे त्यांना हॅरो या प्रसिद्ध शाळेत घातलं. विन्स्टन चर्चिल त्याच काळात त्या शाळेत होते. पिक्थॉल तिथे फार काळ टिकले नाहीत. भाषा मात्र त्यांना पटकन यायच्या. युरोपात राहून फ्रेंच आणि इटालियन शिकले. मग पूर्वेकडच्या देशांतल्या वकिलातींसाठी असलेल्या सरकारी नोकरीची परीक्षा दिली. भाषांत चांगले गुण मिळूनही निवड झाली नाही.

आपल्यापैकी किती जणांना हे ओळखीचं वाटेल! घरच्यांनी ठरवलेली परीक्षा, त्यात नापास, आणि पुढे काय करायचं ते माहीत नाही. वय अठरा-एकोणीस.

1894 मध्ये ते कैरोला आणि तिथून याफाला, म्हणजे पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, पोहोचले. अरबी शिकली तर त्या भागात कुठेतरी काम मिळेल असा विचार होता. तिथे राहणाऱ्या इंग्रजांची जगण्याची एक ठरलेली रीत होती : आपल्या लोकांत राहायचं, आपलं खायचं, आणि स्थानिक माणसाशी कामापुरतं बोलायचं. पिक्थॉलना ते जमलं नाही. त्यांनी स्थानिक कपडे घातले, सुलेमान नावाचा एक वाटाड्या बरोबर घेतला आणि घोड्यावरून पॅलेस्टाइन व सीरिया पालथा घातला. मुक्काम खेड्यांत, सरायांत. सुलेमान गोष्टीवेल्हाळ होता. अरबी त्यांना आधी अशी मिळाली, लोकांच्या तोंडून. गोष्टींमधून, भांडणांमधून, घासाघीस करताना. तिथल्या युरोपीय मंडळींना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. आपला माणूस हाताबाहेर चाललाय असंच त्यांना वाटत होतं. या भटकंतीवर त्यांनी पुढे 1918 मध्ये एक छान पुस्तकही लिहिलं.

फिरत फिरत ते दमास्कसला आले. तिथल्या उमय्या मशिदीत उलमांचे प्रमुख असलेले एक वृद्ध शेख होते. त्यांच्याकडे पिक्थॉल अरबी व्याकरण शिकू लागले. बोलीभाषा आली म्हणजे कुरआन समजतो असं नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. आता सर्फ आणि नह्व, म्हणजे शब्द कसे बनतात आणि वाक्यात कसे वागतात, हे रीतसर शिकायचं होतं. शिकता शिकता कुरआन वाचणं सुरू झालं. आणि विशीतल्या या मुलाचं मन असं भरून आलं की एक दिवस त्यानं उस्तादांना सांगितलं, मला मुसलमान व्हायचंय.

इथे आपण काय अपेक्षा करू? उस्ताद आनंदानं मिठी मारतील, लगेच कलमा पढवतील, मोहल्ल्यात मिठाई वाटली जाईल. पिक्थॉलचीही साधारण तीच अपेक्षा होती. धर्मप्रसारक कसे असतात ते त्यांनी आपल्या समाजात पाहिलं होतं.

शेखनी आधी विचारलं, तुझी आई हयात आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी समजावलं की बाळा, घाई करू नकोस. तुझ्या देशात परत जा, आईला भेट, वय वाढू दे, मग ठरव. आज तू आमच्यात एकटा आहेस, म्हणून तुला हे वाटत असेल. आमची मुलंही अशीच शिकायला परक्यांच्या देशात जातात. तिथल्या एखाद्या ख्रिस्ती शिक्षकानं माझ्या मुलाला एकटं गाठून त्याचा धर्म बदलला, तर मला बाप म्हणून काय वाटेल? मी तुझ्याशी तसं वागणार नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. एखादा माणूस स्वतःहून दारात आलाय, आणि तुम्ही त्याच्या आईचा विचार करताय. आपला धर्म खरा आहे याची त्या शेखना इतकी खात्री होती की घाई करायची गरजच त्यांना वाटली नाही. हा मुलगा खरंच अल्लाहकडे यायचा असेल तर येईल. आज नाही तर वीस वर्षांनी.

झालंही तसंच. बरोबर बावीसेक वर्षं लागली.

पिक्थॉल इंग्लंडला परतले. 1896 मध्ये म्यूरिएल स्मिथ यांच्याशी लग्न केलं आणि लेखनावर संसार करायचं ठरवलं. सुरुवातीची वर्षं ओढगस्तीची होती. 1903 मध्ये त्यांची सईद नावाच्या एका सीरियन कोळ्यावरची कादंबरी आली आणि नाव झालं. मग एकामागून एक कादंबऱ्या, बऱ्याचशा इजिप्त, सीरिया, पॅलेस्टाइनमध्ये घडणाऱ्या. एच. जी. वेल्स, ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारखे लेखक त्यांचं कौतुक करत. इंग्रजी वाचकाला अरब माणूस त्यांनी आतून दाखवला, कारण त्याचं बोलणं ते समजत होते. या सगळ्या वर्षांत ते ख्रिस्तीच होते आणि चर्चला जात होते. अरबी मात्र सुटली नव्हती. पूर्वेकडे जाणं-येणं चालू होतं. 1913 मध्ये काही महिने इस्तंबूलला राहिले, तिथे तुर्की भाषेला हात घातला.

तो बाल्कन युद्धाचा काळ. युद्धात मुसलमान निर्वासितांचे लोंढे तुर्कस्तानात येत होते. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत आणि चर्चमध्ये मात्र तुर्क म्हणजे राक्षस असंच चित्र. ज्या वेदीसमोर लहानपणापासून गुडघे टेकले, तिथूनच आपल्या मित्रांबद्दल हे ऐकायचं, याचा त्यांना फार त्रास झाला. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं. ब्रिटन आणि उस्मानी साम्राज्य एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पिक्थॉल आपल्याच सरकारला सांगत राहिले की तुर्कस्तानशी वेगळा तह करा. कुणी ऐकलं नाही, उलट त्यांच्याकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. तुर्कांच्या प्रेमापोटी पिक्थॉलनी त्या काळात आर्मेनियन लोकांवर झालेल्या भयंकर अत्याचारांकडे डोळेझाक केली, त्या बातम्यांना शत्रूचा अपप्रचार समजले. हे चुकलंच. ज्याला आपण मान देतो त्याची चूक झाकून ठेवली तर आपण त्याच्याकडून काही शिकत नाही. अन्याय आपल्या माणसांनी केला तरी तो अन्यायच, हे कुरआन सूरह निसामध्ये आपल्याला स्वच्छ सांगतो. साक्ष द्यायची वेळ आली तर ती स्वतःविरुद्ध आणि आईवडिलांविरुद्धसुद्धा खरीच द्यायची.

29 नोव्हेंबर 1917. लंडनमध्ये मुस्लिम लिटररी सोसायटीच्या सभेत पिक्थॉल यांनी इस्लाम आणि प्रगती या विषयावर व्याख्यान दिलं आणि शेवटी जाहीर केलं की आपण मुसलमान आहोत. नावापुढे मुहम्मद लागलं. तारीख नीट बघा. ब्रिटिश फौजा जेरुसलेमच्या वेशीवर पोहोचल्या होत्या, दोन आठवड्यांच्या आत ते पडलं. देश खलिफाच्या सैन्याशी लढतोय, आणि एक नावाजलेला इंग्रज लेखक उभा राहून म्हणतोय, मी मुसलमान झालो. फायद्याचा हिशेब केला असता तर यापेक्षा वाईट मुहूर्त सापडला नसता. दमास्कसला विशीतल्या मुलाच्या अंगात उत्साह होता. लंडनमध्ये बेचाळीस वर्षांच्या माणसानं सगळं समजून-उमजून ते केलं. 1918 मध्ये सैन्यात बोलावणं आलं तेव्हाही तुर्कांविरुद्ध लढणार नाही ही त्यांची अट होती. शेवटी त्यांचं काम फ्लूच्या रुग्णांच्या इस्पितळात निघालं.

आता शिकण्याबरोबर शिकवणंही आलं. लंडनजवळ वोकिंगला 1889 मध्ये भोपाळच्या बेगमसाहेबांच्या मदतीनं बांधलेली मशीद आहे. लाहोरचे ख्वाजा कमालुद्दीन तिथलं काम बघत. 1919 मध्ये ते तिथे नसताना पिक्थॉल यांनी इमामत केली. जुम्याचे खुत्बे दिले, लेख लिहिले, नव्यानं आलेल्यांना समजावलं. विचार करा, पाद्र्याचा मुलगा मिंबरवर उभा आहे, आणि ज्या अरबीसाठी एकेकाळी सुलेमानच्या मागे घोडा हाकला ती अरबी आता नमाजेत लोकांच्या पुढे उभं राहून पढतोय.

यानंतर गोष्ट आपल्या मुंबईत येते.

1920 मध्ये उमर सोबानी यांच्या बोलावण्यावरून पिक्थॉल बॉम्बे क्रॉनिकल या दैनिकाचे संपादक म्हणून मुंबईत आले. हे पत्र फिरोजशाह मेहतांनी 1913 मध्ये सुरू केलेलं. आधीचे प्रसिद्ध संपादक बी. जी. हॉर्निमन यांना सरकारनं 1919 मध्ये हद्दपार केलं होतं. फोर्टातलं हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावानं आहे. तिथून रोज ऑफिसला जाणारे माझे मित्र आहेत, त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, अरे, आम्हाला वाटलं एखादा गव्हर्नर असेल! असो. तर एका इंग्रजाला इंग्रज सरकारनं हाकललं आणि त्याच्या खुर्चीवर दुसरा इंग्रज येऊन बसला, तोही मुसलमान, तोही गांधीजींच्या असहकाराचा आणि खिलाफतीचा उघड पाठिंबा देणारा. मुंबईत आल्यावर त्यांनी उर्दू शिकायला घेतली. पंचेचाळिशीत आणखी एक भाषा!

1924 हे वर्ष कठीण गेलं. मार्चमध्ये तुर्कस्ताननं स्वतःच खिलाफत संपवली. ज्यासाठी इतकी वर्षं झगडले ते त्यांच्या आवडत्या तुर्कांनीच मोडीत काढलं. त्याच वर्षी क्रॉनिकल एका खटल्यात हरलं, मोठा भुर्दंड बसला आणि पिक्थॉलनी संपादकपद सोडलं. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी नाही, ध्येय उरलं नाही, आणि मायदेशात विशेष स्वागत होण्यासारखी परिस्थिती नाही.

1925 च्या सुरुवातीला ते हैदराबादला गेले. निजाम मीर उस्मान अली खान यांचं संस्थान. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, हे लक्षात असू द्या. तिथे त्यांना काम मिळालं चादरघाट हायस्कूलच्या मुख्याध्यापकाचं. लंडनमध्ये ज्याच्या कादंबऱ्यांवर चर्चा होत असे तो माणूस शाळेच्या पोरांच्या हजेऱ्या बघू लागला, आणि त्यांनी हे काम मनापासून केलं. संस्थानच्या सेवेत जाणाऱ्या तरुणांच्या शिक्षणाचं कामही त्यांच्याकडे आलं. मद्रासला जाऊन इस्लामी संस्कृतीवर व्याख्यानं दिली. 1927 पासून हैदराबादहून निघणाऱ्या इस्लामिक कल्चर या इंग्रजी त्रैमासिकाचं संपादन सुरू केलं. त्यांच्यानंतर ते काम मुहम्मद असद यांच्याकडे आलं. तेही दुसऱ्या धर्मातून आलेले, ज्यू घराण्यातले, आणि त्यांनीही पुढे कुरआनचं इंग्रजी भाषांतर केलं. एकाच टेबलावर लागोपाठ असे दोघं बसले, सुबहानअल्लाह.

या सगळ्यात मनात एक काम ठाण मांडून होतं. कुरआनचं इंग्रजी भाषांतर. इंग्रजीत भाषांतरं आधी होती. 1649 चं अलेक्झांडर रॉस यांचं, तेही फ्रेंचवरून. मग 1734 चं जॉर्ज सेल यांचं, 1861 चं रॉडवेल यांचं, 1880 चं पामर यांचं. ही सगळी मंडळी मुसलमान नव्हती. लाहोरचे मुहम्मद अली यांचं भाषांतर 1917 मध्ये आलं होतं, पण त्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे आणि ज्याचा या ग्रंथावर ईमानही आहे, अशा माणसाचं भाषांतर अजून यायचं होतं.

1928 मध्ये निजाम सरकारनं त्यांना या कामासाठी दोन वर्षांची पगारी रजा दिली. (आमच्या कंपनीत दोन आठवड्यांची मिळाली तरी आम्ही पार्टी देतो.) भाषांतर करताना त्यांना स्वतःच्या अरबीवर भरवसा पुरेसा वाटला नाही. अरबीशी ओळख होऊन पस्तीस वर्षं झाली होती, तरीही. म्हणून 1929 मध्ये मसुदा घेऊन ते कैरोला गेले, अल-अझहरच्या विद्वानांना दाखवायला.

तिथे वेगळाच पेच. कुरआनचं भाषांतर करणं मुळात योग्य आहे का, यावरच वाद चालू होता. अल्लाहचा शब्द अरबीत उतरला, तो दुसऱ्या भाषेत गेला की तो कुरआन राहत नाही, असं अनेक उलमांचं म्हणणं. राजदरबारही विरोधात. पिक्थॉलना मात्र डोळ्यांसमोर दिसत होती ती अरबी न येणारी कोट्यवधी माणसं. वाद घालून त्यांनी कुणाला हरवलं नाही. प्राध्यापक मुहम्मद अहमद अल-ग़म्रावी या कैरोच्या एका जाणकाराबरोबर बसून त्यांनी मसुदा शब्दाशब्दानं तपासून घेतला. उलमांमध्ये शेख मुस्तफा अल-मराग़ी यांच्यासारखे त्यांना धीर देणारेही होते. आणि विरोधकांचा मुद्दा त्यांनी मान्य करून टाकला. पुस्तकाच्या नावातच लिहिलं की हा कुरआन नाही, कुरआनचा अर्थ आहे. प्रस्तावनेतही त्यांनी हेच कबूल केलं की कुरआनचं भाषांतर होऊ शकत नाही, मी फक्त त्याचा अर्थ इंग्रजीत मांडायचा प्रयत्न केलाय.

1930 मध्ये ते प्रसिद्ध झालं. अब्बांच्या कपाटात होतं ते हेच.

पाच वर्षांनी, 1935 मध्ये, ते हैदराबादच्या नोकरीतून निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. 19 मे 1936 रोजी कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्ह्ज इथे त्यांचं निधन झालं. सरे परगण्यातल्या ब्रुकवुड कब्रस्तानात त्यांची कबर आहे. कुरआनचे दुसरे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरकार, आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले अब्दुल्लाह यूसुफ अली, हेही 1953 मध्ये त्याच कब्रस्तानात दफन झाले. पिक्थॉल गेले तेव्हा टेबलावर त्यांच्या मद्रासच्या व्याख्यानांचे कागद होते, आदल्या दिवशीपर्यंत ते त्यात दुरुस्त्या करत होते. त्यांनी लिहिलेल्या शेवटच्या ओळी सूरह बकरामधल्या 112व्या आयतीच्या होत्या. जो स्वतःला अल्लाहच्या स्वाधीन करतो आणि भलं वागतो, त्याचं फळ त्याच्या रबपाशी आहे, त्याला भीती नाही आणि दुःख नाही, असा तिचा आशय.

आता पुन्हा आजच्या आयतीकडे.

घाई करू नका, हे मला फार सोयीचं वाटायचं. अरबीच्या क्लासला मी तीनदा नाव घातलं आणि तीनदा सोडलं. प्रोजेक्टची डेडलाइन, मग लेकीचं आजारपण, मग काहीच कारण नाही. विचारलं की म्हणायचो, सावकाश करू, घाई कशाला? पण पिक्थॉल यांची बावीस वर्षं बघा. शेखनी त्यांना थांब म्हटलं ते निर्णयासाठी. शिकायचं थांब असं म्हटलं नव्हतं. त्या काळात त्यांनी अरबीची साथ सोडली नाही, त्या लोकांमध्ये जाणं-येणं ठेवलं, प्रश्न डोक्यात जिवंत ठेवला. मी जे करत होतो त्याला थांबणं म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आयतीचा पहिला भाग मी घेतला आणि दुसरा सोयीस्कर विसरलो.

आणि कुरआनख्वानीच्या दिवशी नेमकं उलटं केलं. जिथे सावकाश वाचायला हवं होतं तिथे सर्वांत आधी संपवलं.

या रमजानपासून मी चौथ्यांदा सुरुवात केली आहे. या वेळी लेकीला बरोबर घेतलंय. ती आता आठ वर्षांची आहे. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं. परवा आम्ही तीन अक्षरांच्या धातूंचा धडा केला. द-ख़-ल म्हणजे आत जाणं, प्रवेश करणं. मी तिला म्हटलं, अगं, शाळेचा दाखला, शाळेत दाखल होणं आणि एखाद्या गोष्टीची दखल घेणं, हे सगळे याच घरातले शब्द! ती हसायलाच लागली. म्हणाली, म्हणजे आपल्याला थोडी अरबी आधीपासून येते? मग तिनं ह-क-म वरून हुकूम शोधला, मी हाकीम शोधला. एखाद्या मोठ्या प्रोग्राममध्ये एकच छोटं फंक्शन सगळीकडे वापरलेलं दिसावं तसं वाटलं. मला वाटायचं अरबी म्हणजे डोंगर. तिचे दगड तर आपल्या मराठीच्या अंगणात पडलेले आहेत.

अब्बांच्या प्रतीत सूरह ताहाच्या या पानावरही पेन्सिलीची खूण आहे. इंग्रजीतल्या घाई या अर्थाच्या शब्दापुढे त्यांनी मराठीत दोन शब्द लिहिलेत : घाई, उतावीळ. आणि खाली एक छोटी रेघ. ती रेघ त्यांनी स्वतःसाठी मारली की पुढे कधीतरी मी ते पान उघडीन म्हणून, कोण जाणे. काहीही असो, मी ती माझ्यासाठी धरली आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये लिहिलंय की अरबी येत नाही म्हणून कुरआन वाचताना अपराधी वाटतं. माझं एवढंच म्हणणं, अपराधी वाटण्यात वर्ष घालवू नका. आज एक आयत घ्या, तिचं एखादं चांगलं भाषांतर घ्या, मराठी, उर्दू, इंग्रजी, जे समजतं ते. तीन शब्द निवडा आणि त्यांचे अर्थ वहीत लिहा. पेन्सिलीनं लिहिलं तर आणखी चांगलं, पुढे तुमच्या घरात ते कुणाच्या तरी हाती लागेल. आणि तुमच्याकडे कुणी दीनबद्दल विचारायला आलं, तर दमास्कसच्या त्या शेखना आठवा. घाईनं त्याला आपल्या बाजूला ओढू नका. आधी त्याच्या आईची चौकशी करा.

या अल्लाह, आमच्या ज्ञानात भर घाल. आम्ही वाचतो ते आम्हाला समजू दे, आणि समजलेलं आमच्या वागण्यात उतरू दे. ज्यांनी तुझा कलाम आमच्यापर्यंत समजेल अशा भाषेत पोहोचवला, त्यांच्या चुका माफ कर आणि त्यांच्या कष्टांचा मोबदला दे. माझ्या अब्बांवर आणि तुम्हा सगळ्यांच्या गेलेल्या माणसांवर रहम कर. आमीन.

उद्या आयत 115, आदम (अ.) यांची गोष्ट. विसरणं म्हणजे काय, याबद्दल बोलू. इन्शाअल्लाह.